भाऊंची करंगळी

भाऊंशी हात मिळवायचा नाही, हे मला खमरियात आल्यावर तिसऱ्याच दिवशी कळलं. आधी कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे हात पुढे केल्यावरच कळलं.

मी भंडाऱ्याहून नुकताच आलो होतो. इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, नक्शा विभागात ट्रेसर म्हणून लागलो होतो. साहेब लोकांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि त्यांच्या रेघा शाईनं गिरवायच्या, एवढंच माझं काम. आजूबाजूला सगळं हिंदी. मराठी बोलायला मिळालं नाही की माझी जीभ आंबते, म्हणून मी मराठी माणूस शोधत होतो. संध्याकाळी शिफ्ट सुटली तेव्हा माझ्या टेबलाशेजारच्या तिवारीजींनी बोट दाखवलं. "वो देखिए, आपके मराठी वाले भैया."

गेटातून एक बारीक, उंच, पन्नाशी ओलांडलेला माणूस येत होता. उजव्या हाताची मूठ छातीशी धरलेली, अंगठा चारही बोटांवर दाबलेला, नजर जमिनीवर. आसपासची माणसं त्यांना वाट करून देत होती. मला वाटलं, हाताला लागलंय बिचाऱ्यांच्या. मी लगबगीनं पुढे गेलो, नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि हात पुढे केला. ते दोन पावलं मागे उडाले.

"हात नको लावू बाप्पा! सांडते!"

मी मुठीकडं पाहिलं. मूठ रिकामी होती. काय सांडतं, हे विचारायच्या आत ते सायकल स्टँडजवळच्या पुलियाकडं, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या कठड्याकडं, गेलेसुद्धा. तिथं बसून त्यांनी सायकलच्या कॅरिअरमधून एक वही काढली, एकेक बोट उघडत डाव्या हातानं काहीतरी खरडलं आणि चारही बोटं मोकळी झाल्यावर उठून माझ्याकडं आले. मग माझा हात दोन्ही हातांनी असा काही हलवला की खांदा दुखायला लागला. "भंडाऱ्याचा काय तू? काहून उभा असा? चल, चहा घेऊ."

त्या चहाच्या वेळी मला खुलासा झाला. भाऊ ज्या शेडमध्ये काम करत, तिथला माल असा की ठिणगी चालत नाही. आत जाताना बिडी, माचिस, घड्याळ, किल्ल्या, सगळं बाहेर काढून ठेवायचं. तिथं घालायला मिळणाऱ्या कपड्यांना खिसाच नसतो. कागदाचा कपटा नाही, पेन्सिलीचं टोक नाही. आणि भाऊंना तर भर कामात गोष्टी सुचत. त्याही साध्या नव्हेत, कॉमिक्सच्या, चार चौकटींच्या. मग त्यांनी बोटांचाच कागद केला होता. पहिली चौकट तर्जनीवर, दुसरी मधल्या बोटावर, तिसरी अनामिकेवर. दिवसभर अंगठ्यानं ती बोटं चाचपत राहायची, म्हणजे विसरत नाही. सुटी झाली की मूठ आवळायची आणि वहीपर्यंत तशीच न्यायची.

"आणि हात मिळवला की सांडते?" मी विचारलं.

"एका साहेबानं मिळवला होता मागं. दोन नंबरची चौकट गेली ते गेलीच. अजून नाही सापडली."

मला हसू आलं. पण ते हसत नव्हते.

भाऊ शेडमध्ये तपासनीस होते. त्यांच्याकडं एक गेज असायचं. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं टोक जाता कामा नये. पहिलं गेलं नाही तर माल बाद, दुसरं गेलं तरी बाद. बाद झालेला नग लाल पेटीत टाकायचा. एवढं काम आठ तास, आणि तेवीस-चोवीस वर्षं. त्यात भाऊंइतका कडक माणूस नव्हता असं त्यांच्या शेडमधले लोकच सांगत. केसभर फरक असला तरी नग लाल पेटीत जायचा. कुणी रदबदली केली तर भाऊ त्याच्याकडं पाहतसुद्धा नसत.

हाच माणूस संध्याकाळी कोणत्याही गोष्टीला नाही म्हणत नसे. "दिवसभर 'नाही' म्हणून म्हणून जीभ वाळून जाते," ते म्हणायचे. "घरी आलो का 'नाही' कपाटात ठेवून देतो. कुलूप लावून." आणि खरंच कुणी काहीही सुचवलं तरी ते घ्यायचे. कुणी म्हटलं बासरी शिका, घेतली बासरी. कुणी म्हटलं पनागरला एक म्हातारा बाहुल्या नाचवतो, निघाले सायकलवर पनागरला. बुलबुलतरंग झालं, पतंग झाले. मातीचे मुखवटे करायचा प्रयत्न झाला, ते सगळे तडकले. सायकल पंक्चर झाली तरी त्यांचं एकच वाक्य होतं, "चला, सामान मिळालं." चूक झाली, फजिती झाली, कुणी अपमान केला, तरी सामान मिळालं. हे सगळं सामान मग कॉमिक्समध्ये किंवा नाटकात यायचं.

वहिनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देत, त्यामुळे स्वतः कमी बोलत, पण बोलल्या की पुरेसं बोलत. मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "एक ना धड भाराभर चिंध्या. ह्या माणसाचं असं आहे भाऊजी."

भाऊ आतून ओरडले, "चिंध्यांचीच तर गोधडी होते!"

"शिवावी लागते पण ते," वहिनी म्हणाल्या आणि चहा पुढे केला.

शिवायचं काम माझ्याकडं आलं. भाऊंना चित्र अजिबात काढता येत नसे. त्यांनी काढलेला माणूस बटाट्याला चार काड्या टोचल्यासारखा दिसे, आणि बाई दाखवायची असेल तर बटाट्याला वेणी. त्यांनी एक दिवस मला पुलियावर बसवलं. "तू रेघा ओढतो ना? मले रेघा पाहिजे." मी नोकरीत दुसऱ्यांच्या रेघा गिरवून कंटाळलेलो होतो. लहानपणी शाळेच्या भिंतीवर कोळशानं चित्रं काढायचो, त्यापायी मारही खाल्ला होता. मी लगेच हो म्हटलं.

अशी आमची जोडी जमली. त्यांच्या गोष्टीच्या नायकाचं नाव होतं बिनखिशे. बिनखिशे साहेबांच्या कुठल्याच कपड्याला खिसा नाही, आणि ते जगातल्या सगळ्या वस्तू गेज लावून तपासतात. एकदाची गोष्ट अशी होती. पहिल्या चौकटीत बिनखिशे बायकोनं केलेली पोळी गेजनं मोजतात आणि म्हणतात, पास. दुसऱ्या चौकटीत दुसरी पोळी, तीही पास. तिसऱ्या चौकटीत तिसरी पोळी, एखाद्या जिल्ह्याच्या नकाशासारखी, आणि शेजारी बायको लाटणं घेऊन उभी.

"आणि चौथी?" मी ब्रश बुडवत विचारलं.

भाऊंनी करंगळी वर केली. "रिकामी."

"सुचली नाही का?"

"नाही बे. ते आपली नसतेच. ते वाचणाऱ्याची असते."

मला वाटलं थट्टा करून राहिले. पण खरंच होतं. तीन चौकटी काढायच्या, चौथीची नुसती चौकोनी रेघ मारायची आणि रविवारी विहारात वंदना झाली की बाहेरच्या बोर्डावर तो कागद टाचायचा. बाजूला सुतळीनं बांधलेली पेन्सिल. ज्याला वाटेल त्यानं चौथी भरायची. पोळीच्या गोष्टीत कुणी लहान मुलानं हिंदीत लिहिलं होतं, 'भाग बिनखिशे भाग!' आमच्या वस्तीतल्या मुलांना मराठी समजतं सगळं, पण हाताला हिंदीच येतं. कुणी नुसतंच लाटण्याचं चित्र काढलं होतं. आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरात बिनखिशेंच्या तोंडी होतं, 'गेज बिघडलं.'

ते अक्षर वहिनींचं होतं. भाऊ ते वाचून इतके हसले की चपला घालायच्या विसरून अनवाणी घरी गेले.

ही रिकामी चौकट कुठून आली, याचा मी बरेच दिवस शोध घेत होतो. मला अशा गोष्टींची उत्सुकता स्वस्थ बसू देत नाही. शेवटी ती मला अधारतालला सापडली. तिथं मेन रोडवर एका दुकानात कॉमिक्स किरायानं मिळत. बाहेर एक बुटकं बाकडं होतं. भाऊ त्या बाकड्यावर गुडघे कानाशी घेऊन शाळकरी मुलांच्या रांगेत वाचत बसलेले मी पाहिले. पण शेवटचं पान आलं की ते त्यावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे, थोडा वेळ बसायचे आणि पुस्तक परत करून टाकायचे. दुकानदार म्हणाला, "ये भैया दस साल से आ रहे हैं, एक भी किताब पूरी नहीं पढ़ी."

भाऊ त्याला म्हणाले, "पूरी पढ़ूँगा तो मेरे लिए क्या बचेगा?"

यातूनच त्यांचं नाटकही आलं असावं. पाच जणांची मंडळी होती, नाव ऐनवेळ. दोन-तीन महिन्यांतून एकदा रविवारी सकाळी वस्तीच्या हॉलमध्ये खेळ. संहिता नाही, पाठांतर नाही. प्रेक्षकांनी चिठ्ठ्यांवर एक जागा, एक नातं आणि एक वस्तू लिहायची, चिठ्ठ्या अॅल्युमिनिअमच्या डब्यात टाकायच्या, आणि निघेल त्यावर तिथल्या तिथं नाटक. पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांची तालीम असे. मी एकदा विचारलं, "भाऊ, बिनतयारीच्या नाटकाची तालीम कशाची करता?"

"बिनतयारीची तयारी लय करावी लागते," ते गंभीरपणे म्हणाले. मी तालमीला बसून पाहिलं. समोरच्यानं काहीही म्हटलं तरी त्याला नाही म्हणायचं नाही, एवढी एकच तालीम चालायची. एकानं म्हणायचं, तू माझी आजी आहेस. दुसऱ्यानं म्हणायचं, हो, आणि तू माझे दात कुठं ठेवलेस? जो नाही म्हणेल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. आपल्याला सोपं वाटतं, पण मी बसलो तेव्हा दहा मिनिटांत तीनदा चहा केला.

आता भोंग्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण वस्तीत भाऊ म्हटलं की लोक तीच सांगतात. फक्त ते शेवट वेगळा सांगतात.

त्या खेळात मला पहिल्यांदा स्टेजवर ओढलं होतं. चिठ्ठ्या निघाल्या त्या स्टेशन, मामा-भाचा आणि भोंगा. भाऊ मामा, मी भाचा. भाऊ म्हणाले, "भाच्या, गाडीची वेळ झाली, भोंगा ऐकू येते का?" मी म्हणालो, "हो मामा, येऊन राहिला." मग भाऊंनी गाल फुगवले आणि भोंगा वाजवला. पण वाजवला तो कोणता, तर आमच्या कारखान्याचा. तोही शिफ्टचा लांबलचक नव्हे, संकटाचा तुटक तुटक. आयुष्यभर ऐकलेला आवाज, तोच तोंडातून आला असावा. आणि त्यांच्या गळ्यातून तो असा हुबेहूब निघाला की मला स्वतःला तो छतावरून आल्यासारखा वाटला.

हॉलमध्ये साठेक माणसं होती आणि सगळी कारखान्यातली. दर महिन्याला कवायत केलेली. कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही. पहिली रांग उठली, मग दुसरी, मग तिसरी. बायकांनी पोरं कडेवर घेतली, पिशव्या तिथंच सोडल्या, आणि दोन मिनिटांत हॉल रिकामा. बाहेर मैदानात विभागवार रांगा लागल्या. रिटायर होऊन पाच वर्षं झालेले एक आजोबा पुढे येऊन गिनती करू लागले. भाऊ मागोमाग धावत गेले. सगळ्यांना गंभीर चेहऱ्यानं उभे पाहून त्यांच्या लक्षात आलं काय झालं ते.

दुसरा कुणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. भाऊ रांगांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सगळे उतरले का गाडीतून? मंग सामान पाहून घ्या आपलं." मग मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "माझी टोपली राहिली ना मास्तर!" आणि नाटक मैदानातच सुरू झालं. साठ माणसं रांगेत उभी राहून पॅसेंजर झाली.

आजोबांची गिनती मात्र एकानं कमी भरत होती. तो एक म्हणजे मी. मी स्टेजवर तसाच उभा होतो, हात कानाशी नेलेला. भाऊ मला शोधत आत आले.

"तू काहून थांबला बे?"

"मले वाटलं नाटक चालू आहे."

ते जवळ आले. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "एवढे जुने लोक पळाले. तूच एक आहे जो मामासाठी थांबला." लोक गोष्ट सांगतात ती रांगांपाशी संपवतात. माझ्यासाठी ती या थापेपाशी संपते. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

दुसऱ्या दिवशी भाऊंना साहेबांकडं बोलावणं आलं. आपण यापुढे तोंडानं भोंगा वाजवणार नाही, असं लेखी द्यावं लागलं. साहेबांनी जाता जाता हळूच विचारलं म्हणे, हॉल किती वेळात खाली झाला? भाऊ बाहेर येऊन मला म्हणाले, "सामान मिळालं."

हे सगळं मी हसतखेळत लिहितोय, पण पुढचं लिहायला मला जड जातं.

नागपूरच्या एका मराठी साप्ताहिकात चित्रकथा छापतात, हे मला कळलं होतं. भाऊंना न सांगता मी बिनखिशेंच्या दोन गोष्टी पाठवल्या. उत्तर आलं. चित्रं आवडली, दर आठवड्याला छापू, बारा गोष्टी पाठवा, मात्र चौथी चौकट भरलेली हवी. ते पत्र मी खिशात घालून दोन दिवस फिरलो. मला माझं नाव छापलेलं दिसत होतं. मी तिसाव्या वर्षापर्यंत दुसऱ्यांच्याच रेघा गिरवल्या होत्या. नकाशावर खाली साहेबांची सही असते, ट्रेसरचं नाव एका कोपऱ्यात दोन अक्षरांत असतं, आणि तेही पुष्कळदा घड्यांत जातं. मला वाटलं, आपलंही काही सरळ नावानं जगात जावं.

पत्र भाऊंना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "नाही."

मी चकित झालो. संध्याकाळची वेळ, आम्ही पुलियावर, आणि भाऊ नाही म्हणत होते.

"भाऊ, तुमचं 'नाही' तर कपाटात असते ना?"

"आज काढून आणलं," ते म्हणाले. "तीन बोटं माही आहेत, ते घे. करंगळी लोकांची आहे. जे माही नाही ते मी कसं देऊ?"

मी घरी जाऊन बारा गोष्टी काढल्या आणि चौथ्या चौकटी स्वतः भरल्या. पोळीच्या गोष्टीला माझ्या डोक्यातून काही चांगलं निघेना, म्हणून वहिनींचं 'गेज बिघडलं' तसंच घातलं. नाव लिहायची वेळ आली. भाऊ नाही म्हणाले आहेत, म्हणजे त्यांना त्यांचं नाव नको असणार, असं मी मनाला समजावलं. माणूस स्वतःला किती सफाईनं फसवतो, ते मला त्या दिवशी समजलं. समजूनही मी एकच नाव लिहिलं. माझं.

अंक आला. वस्तीतल्या वाचनालयात तो टेबलावर पसरलेला होता आणि भाऊ उभे राहून वाचत होते. मी कपाटाआड होतो. ते बोटानं एकेक चौकट सरकत गेले. चौथीवर बोट थांबलं. मग खाली, नावावर गेलं. ते 'सामान मिळालं' म्हणतील म्हणून मी कान टवकारून ऐकत होतो. त्यांनी अंक नीट घडी करून ठेवला आणि निघून गेले. मला त्या वेळी जी लाज वाटली, तशी पुन्हा कधी वाटली नाही.

संध्याकाळी वहिनी दारातच भेटल्या. "माही पोळी गेली वाटते नागपूरले?"

"वहिनी, ते मी..."

"बसा. चहापत्ती संपली आहे."

त्या घरातली चहापत्ती पुढं अख्खा पावसाळा सरेपर्यंत संपलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी मी गेटवर गेलो नाही. लांब, बसस्टॉपच्या शेडखाली उभा राहिलो. भाऊ बाहेर आले, मूठ छातीशी. नेहमीसारखे पुलियाकडं वळले नाहीत, सरळ माझ्याकडं आले. वही नाही, काही नाही. माझ्यासमोर उभे राहून तर्जनी उघडली.

"बिनखिशे पेपर उघडते. त्यात त्याचंच चित्र आहे."

मधलं बोट उघडलं. "खाली नाव दुसऱ्याचं."

अनामिका उघडली. "बिनखिशेले तो माणूस गेटवर भेटते."

मग करंगळी माझ्यासमोर धरली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "हे तुह्यी. काढ."

मी तीन चौकटी काढल्या. चौथी भरता आली नाही. कागद रविवारी बोर्डावर लागला. लोकांना माहीत नव्हतं असं नाही. सगळे वाचत आणि माझ्याकडं न बघता पेन्सिल उचलत. कुणी लिहिलं, 'मार दो साले को.' कुणी लिहिलं, 'दोघंही रडतात.' कुणी दोन कप काढले होते. मी तो कागद काढून आणला, रबरानं चौथी चौकट पुसून कोरी केली आणि तो घरी माझ्या टेबलाच्या खणात ठेवून दिला. भाऊंनी मागितली ती माझी चौथी होती, दुसऱ्यांची नाही.

साप्ताहिकाला मी पत्र लिहिलं की लेखक म्हणून भाऊंचं नाव घाला, आणि चौथी चौकट रिकामी छापा. उत्तर आलं की नाव घालू, पण रिकामी चौकट छापता येणार नाही, वाचकांना वाटेल छपाईत राहून गेली. मी उरलेल्या गोष्टी परत मागवल्या. चार अंकांत माझं नाव आलं तेवढंच.

भाऊ मात्र जसे होते तसेच. रोज मूठ, रोज पुलिया, रोज तीन बोटं. मी काढायचो. मंगळवारी-शुक्रवारी तालीम. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मला काढायची हिंमत झाली नाही. ते मला माफ करून बसले आहेत की माझी वाट पाहत आहेत, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून दीड वर्ष शोधत होतो. रोज संध्याकाळी खण उघडून तो कागद पाहायचो. 'माफ करा' असं लिहून पाहिलं, पुसलं. बिनखिशेंच्या पाया पडणारा माणूस काढला, तो खोटा दिसला, पुसला. पुसून पुसून तिथला कागद झिरझिरीत झाला.

मग त्यांचा रिटायरमेंटचा दिवस आला. गेटाबाहेर गर्दी होती. हार, गुलाल, ढोल, सजवलेली जीप. वहिनीही सुटी काढून आल्या होत्या. तिवारीजी म्हणाले, "आज तो हाथ मिलाएँगे भैया." भाऊ बाहेर आले. गळ्यात झेंडूचे हार, कपाळाला गुलाल, आणि उजव्या हाताची मूठ छातीशी तशीच दाबलेली. शेवटच्या दिवशीही शेडमध्ये काहीतरी सुचलं होतं. चारी बाजूंनी हात पुढे येत होते आणि ते म्हणत होते, "थांबा ना यार, थांबा, सांडते. पहिले पुलियावर जाऊ द्या."

मी पुलियापाशी उभा होतो. त्यांची वही मीच कॅरिअरमधून काढून धरली होती, त्यांना द्यायला. ते आले. गेटासमोर, माझ्या पुढ्यात, त्या तिसऱ्या चौकटीतल्यासारखे. त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात काही ठरलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. मी वही खाली ठेवली आणि हात पुढे केला.

मागं कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. इतक्या वर्षांत ह्याला एवढंही कळू नये! ढोलवाला थांबला. भाऊंनी माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी हात मागे घेतला नाही.

त्यांचा अंगठा उचलला गेला. तर्जनी उघडली, मधलं बोट उघडलं, अनामिका उघडली. दिवसभर मिटून घामेजलेला तो हात माझ्या हातात आला.

"चुकलं भाऊ माझं," मी म्हणालो.

"दीड वर्ष लागलं बे तुले," ते म्हणाले. हात सोडला नाही. वहिनी कडेला उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या, आणि आपण गुलालामुळं पुसतोय असं शेजारणीला सांगत होत्या.

सगळ्यांशी हात मिळवून झाले, जीपमध्ये चढायची वेळ आली, तेव्हा मला राहवलं नाही. माझी उत्सुकता मरताना पण माझ्याबरोबर येणार आहे. मी विचारलं, "भाऊ, आज तिन्ही बोटांवर काय होतं?"

त्यांनी तळहाताकडं पाहिलं, उलटा करून पाहिला. बोटं अंगठ्यानं एकेक करून चाचपली.

"गेलं," ते म्हणाले. "जाऊ दे. चौथी जमली."